स्लाइस: आधी फेस सुधारा, मग स्विंग

प्रश्न थोडक्यात असा आहे. विचारणारे चाळीसगावचे, वय 48, दुकान सांभाळतात, कॉलेजपर्यंत क्रिकेट खेळलेत. मुलाकडे पुण्याला गेले की 18 होल गोल्फ खेळतात, एरवी शेतात जाळी बांधून सराव करतात. ड्रायव्हरचा, म्हणजे सगळ्यात लांब मारायच्या क्लबचा, चेंडू सरळ निघतो आणि मग उजवीकडे वळत झाडीत जातो, हीच स्लाइस. 9 आयर्नचा, म्हणजे जवळच्या फटक्याच्या क्लबचा, चेंडू मात्र डावीकडे जातो. डावीकडे निशाणा धरून पाहिला, हळू मारून पाहिलं, डोकं खाली ठेवून पाहिलं. स्लाइस कमी व्हायच्या ऐवजी वाढली. सोबत क्लब धरलेल्या हातांचा फोटो आहे.

भाऊ, यातली सगळ्यात कामाची ओळ 9 आयर्नची आहे. ती तुम्ही वेगळी तक्रार म्हणून जाता जाता लिहिली आहे, पण ही दोन दुखणी नाहीत, एकच आहे. तुमचा क्लब चेंडूवर बाहेरून आत येतोय, म्हणजे लक्ष्यरेषेच्या पलीकडून तुमच्या अंगाकडे ओढला जातोय. 9 आयर्नचा लोफ्ट, म्हणजे फेसचा (क्लबच्या मारायच्या पृष्ठभागाचा) तिरकेपणा, साधारण 40 अंशांचा. एवढ्या तिरक्या फेसवरून चेंडू उठला की त्याची बहुतेक फिरकी मागच्या दिशेची असते, बाजूला वळायला फारसा वाव राहत नाही. म्हणून तो जिकडे ओढला तिकडे जातो. ड्रायव्हरचा लोफ्ट 10 अंशांच्या आसपास, मागची फिरकी कमी, त्यामुळे स्विंगमधला दोष तिथे लपत नाही. स्विंग दोन्हीकडे तोच आहे.

आता पुढचं सगळं ज्यावर उभं आहे ते नीट समजून घ्या. पूर्वी असं शिकवायचे की चेंडू क्लबच्या वाटेने निघतो आणि नंतर फेसच्या दिशेला वळतो. ट्रॅकमनसारखी रडारवर चालणारी यंत्रं आली आणि उलट दिसलं. फटका बसतो त्या क्षणी फेस जिकडे बघत असतो, मुख्यतः तिकडेच चेंडू निघतो. ड्रायव्हरच्या बाबतीत निघण्याची दिशा 80 टक्क्यांहून जास्त फेसच ठरवतो. आणि चेंडू वळतो तो क्लबच्या वाटेपासून लांब, फेसच्या बाजूला. समजा तुमचा फेस लक्ष्याच्या 1 अंश उजवीकडे आहे आणि क्लबची वाट 6 अंश डावीकडे. चेंडू जवळपास सरळ निघेल आणि त्या 7 अंशांच्या फरकापायी उजवीकडे वळेल. तुम्हाला हेच दिसतंय. मग तुम्ही डावीकडे निशाणा धरलात. खांदे आणि पाय डावीकडे फिरले, वाट 10 अंशांवर गेली, पण फेस हातांनी परत होलवरच्या झेंड्याकडेच ठेवला, कारण डोळे झेंड्यावर होते. 7 चा फरक 11 झाला. स्लाइस वाढली ती अशी.

बहुतेक लोक स्लाइसवर उपाय म्हणून आधी वाट सुधारायला घेतात: "आतून ये, आतून ये." मी तसं करत नाही आणि तुम्हीही करू नका. तुमचं शरीर क्लब डावीकडे ओढतंय त्याला कारण आहे. फेस उघडा, म्हणजे उजवीकडे बघणारा, आहे हे शरीराला कधीच कळून चुकलंय, आणि चेंडू उजवीकडे जाऊ नये म्हणून ते आपल्या परीने सावरून घेतंय. फेस उघडाच ठेवून तुम्ही आतून मारायला लागलात, तर चेंडू निघेल उजवीकडे आणि आणखी उजवीकडे वळेल. चार फटक्यांत तुम्ही जुन्या सवयीवर परत याल. आधी फेस बंद करायला शिका. चेंडू डावीकडे जायला लागला की शरीर स्वतःहून उजवीकडे मारायची वाट शोधतं. हा क्रम उलटा केला की वर्षं जातात.

पण सुरुवात त्याहीपेक्षा साध्या गोष्टीने करा. ड्रायव्हरच्या फेसवर थोडी टाल्कम पावडर चोळा आणि जाळीत मारा. चेंडू जिथे लागतो तिथे स्वच्छ गोल डाग उमटतो. तो डाग शाफ्टच्या (दांडीच्या) बाजूला, म्हणजे हीलकडे असेल, तर तेवढ्यानेच चेंडूला उजवीकडची फिरकी मिळते. ड्रायव्हरचं डोकं मोठं आणि फेस किंचित फुगीर असतो. हीलवर फटका बसला की डोकं उलट्या अंगाला फिरतं आणि चेंडूला स्लाइसची फिरकी देऊन जातं. बाहेरून आत येणाऱ्या खेळाडूचे हात पुढे फेकले जातात, त्यामुळे हीलचा फटका त्याच्यात वारंवार दिसतो. तसं असेल तर उभं राहताना चेंडू फेसच्या मध्यासमोर न ठेवता ‘टो’च्या बाजूला, म्हणजे शाफ्टपासून लांबच्या कडेला ठेवा आणि डाग मध्यावर येईपर्यंत मारा. कुणाकुणाची निम्मी स्लाइस इथेच जाते.

आता ग्रिप, म्हणजे क्लब धरायची पद्धत. इथे मी जरा वेळ घेणार आहे, कारण चूक बहुतेकदा इथे असते आणि दुरुस्त केली असं वाटूनही होत नाही.

क्लब डाव्या हाताच्या तळव्यातून नाही, बोटांतून गेला पाहिजे: करंगळीच्या मुळापासून तर्जनीच्या मधल्या पेरापर्यंत. वरून तळव्याचा मांसल भाग ग्रिपवर बसतो. खाली पाहिलं की डाव्या हाताच्या बोटांच्या मुळाशी निदान दोन, तुमच्यासाठी तीन गाठी दिसल्या पाहिजेत. अंगठा आणि तर्जनीमधली खाच उजव्या खांद्याकडे बोट दाखवते. उजव्या हाताचा तळवा लक्ष्याकडे बघतो, त्यातली आयुष्यरेषा डाव्या अंगठ्यावर बसते, आणि त्याचीही खाच उजव्या खांद्याकडेच. तुमच्या फोटोत डाव्या हाताची जेमतेम एक गाठ दिसते आणि खाच हनुवटीकडे आहे. या ग्रिपने फेस बंद करायचा म्हणजे मनगटाला दर वेळी जास्तीचं काम सांगायचं, आणि वेगात ते काम होत नाही.

ग्रिप बदलताना सगळे एक गोष्ट चुकवतात. हात उजवीकडे फिरवतात आणि हातांबरोबर क्लबही फिरवतात. गाठी तीन दिसतात, फेस मात्र तेवढाच उघडतो, बदल शून्य. म्हणून आधी क्लब जमिनीवर टेकवा, फेसची खालची कड लक्ष्यरेषेला काटकोनात आहे हे बघा, उजव्या हाताने शाफ्ट धरून तो तसाच स्थिर ठेवा, आणि मगच डावा हात त्यावर चढवा. सुरुवातीला हे अगदी परकं वाटेल. दुकानात गल्ल्याशेजारी एक जुना क्लब ठेवा, गिऱ्हाईक नसेल तेव्हा धरा, सोडा, परत धरा. चेंडू मारण्यापेक्षा हे जास्त उपयोगी पडतं.

दुसरं, ग्रिप किती घट्ट धरायची. आपल्याकडे मार्चपासून घाम सुटतो, हात निसटतील या भीतीने माणूस क्लब आवळतो, आणि आवळला की कोपरापासून मनगटापर्यंत सगळं ताठ होतं. ताठ हात फेस फिरवू शकत नाहीत. खिशात कोरडा रुमाल ठेवा, हातमोजे दोन ठेवा आणि आलटून पालटून वाळवा. आणि उन्हाळ्यात क्लब गाडीच्या डिकीत ठेवू नका. आपल्या उन्हात बंद गाडीत रबर कडक आणि गुळगुळीत होत जातं, डोकं शाफ्टला चिकटवणारा गोंदही सैल पडू शकतो. शाफ्टवरची रबरी ग्रिप चकाकायला लागली असेल तर ती आधी बदला. तो खर्च नव्या ड्रायव्हरच्या तुलनेत काहीच नाही.

गाजलेला अमेरिकन गोल्फर बेन होगन याची ग्रिप बघून तशीच धरू नका, हेही सांगतो. होगनचं दुखणं हुकचं होतं, चेंडू डावीकडे जायचा. त्यावर इलाज म्हणून त्याने ग्रिप मुद्दाम कमजोर केली, म्हणजे हात डावीकडे फिरवून धरले. तुमचं दुखणं बरोबर उलटं आहे.

क्रिकेटचं तुम्ही लिहिलंत ते बरं झालं, कारण आपल्याकडच्या खेळाडूंत स्लाइसचं हे एक मोठं मूळ आहे. सरळ बॅटने ड्राइव्ह मारताना डावं कोपर वर, डाव्या हाताची पाठ बॉलरकडे, आणि बॅटचा पूर्ण फेस शेवटपर्यंत चेंडूला दाखवायचा. लहानपणापासून घोटून घोटून हे अंगात मुरलेलं असतं. गोल्फमध्ये हेच केलं की फेस उघडा राहतो. बॅटचा फेस हातांच्या सरळ रेषेत असतो, क्लबचा फेस शाफ्टच्या एका बाजूला असतो, त्यामुळे तो पुढच्या बाहूच्या फिरण्यानेच बंद होतो. तेव्हा ड्राइव्ह विसरा, मिडविकेटला फ्लिक मारताना पुढचे बाहू कसे एकमेकांवर फिरतात ते आठवा. उजवा बाहू डाव्याच्या वर येतो. ती हालचाल तुमच्या अंगात आधीपासून आहे, ती फक्त गोल्फमध्ये वापरायची परवानगी स्वतःला द्या.

तपासायचं कसं? 8 आयर्न घ्या, कमरेपासून कमरेपर्यंतचा अर्धा स्विंग करा आणि पुढे क्लब जमिनीला समांतर झाला की थांबा. टो आकाशाकडे, किंवा अजून थोडा डावीकडे कललेला हवा. फेसच जर आकाशाकडे बघत असेल, तर तुम्ही अजून ड्राइव्ह मारताय. बॅकस्विंगलाही, म्हणजे क्लब मागे नेतानाही, एक जागा बघा. स्विंगच्या टोकाला डाव्या हाताचं मनगट मागे मोडतं का? मोडलं की फेस उघडला. घरातली सहा इंची पट्टी हातमोजाच्या पट्ट्याखाली, हाताच्या पाठीवर अर्धी आत अर्धी बाहेर अशी खोचा आणि हळू बॅकस्विंग करा. मनगट मोडलं की पट्टी हातात रुतते, लगेच कळतं. ती रुतत नाही अशा स्थितीत टोकाला जायची सवय लावा. हे आरशासमोर, चेंडूशिवाय करायचं काम आहे.

या टप्प्यावर चेंडू डावीकडे जाईल. सरळ डावीकडे निघेल आणि आणखी डावीकडे वळेल. इथे माझे कितीतरी विद्यार्थी घाबरून जुन्या ग्रिपवर परत जातात. कृपा करून जाऊ नका. फेस पहिल्यांदा वाटेच्या मानाने बंद झाल्याची ही खूण आहे. मला तर हे बघून आनंद होतो, कारण यापुढचं काम सोपं असतं.

वाट सुधारायला तुमच्या शेतातच सामान आहे. केळीचं रिकामं खोकं चेंडूच्या पलीकडे ठेवा, क्लबच्या ‘टो’पासून बोटभर अंतर सोडून. खोक्याची लांब बाजू लक्ष्यरेषेला समांतर. बाहेरून आत आलात तर क्लब खोक्याला लागेल. पुठ्ठाच आहे, क्लबला काही होत नाही. दुसरं, ठिबकची जुनी 16 मिलिमीटरची नळी हातभर कापून जमिनीवर ठेवा, चेंडूच्या मागून सुरू होणारी आणि लक्ष्याच्या थोडी उजवीकडे रोखलेली. क्लबने त्या नळीच्या दिशेने जायचं. नळी मऊ, मध्ये आली तरी हाताला झटका बसत नाही. या दोन वस्तूंइतकं काम करणारं विकतचं साधन मला तरी माहीत नाही.

खोकं असूनही क्लब बाहेरूनच येत असेल तर उजवा पाय मागे घ्या, वीतभर तरी, आणि तसेच उभे राहून 8 आयर्नने अर्धे फटके मारा. खांदे लवकर उघडायला जागाच राहत नाही. बाहेरून आत येण्याची सुरुवात बहुतेकदा स्विंगच्या टोकाला होते: खाली येताना पहिली हालचाल उजवा खांदा करतो. तो पुढे आला की हात बाहेर ढकलले जातात, मग वाट डावीकडे जाण्यावाचून पर्याय उरत नाही. टोकाला पोचल्यावर पाठ लक्ष्याकडे असते, ती क्षणभर तशीच ठेवून हात आधी खाली पडू द्यायचे. मनात एवढंच एक वाक्य ठेवा.

उभं राहण्यातही एक मेख आहे. उजवा हात ग्रिपवर खाली असल्यामुळे उजवा खांदा आपोआप पुढे येतो. चेंडू डाव्या पायाच्या फार पुढे ठेवला की तो आणखी पुढे येतो. शिवाय क्लब गोलाकार वाटेने फिरतो, खालच्या बिंदूच्या पुढे गेल्यावर तो आत, डावीकडे वळायलाच लागलेला असतो. म्हणून ड्रायव्हरला चेंडू डाव्या टाचेच्या आतल्या बाजूला, त्याच्या पुढे नाही. उजवा खांदा डाव्यापेक्षा खाली. छातीवर एक तुराटी आडवी धरून बघा, ती लक्ष्यरेषेला समांतर दिसते की डावीकडे जाते ते.

ड्रायव्हर सगळ्यात शेवटी. 8 आयर्नचे अर्धे फटके थोडे उजवीकडे निघून डावीकडे वळायला लागले की पूर्ण स्विंग, मग हायब्रिड किंवा 5 वूड (आयर्न आणि ड्रायव्हरच्या मधले क्लब), मग ड्रायव्हर, तोही आधी पाऊण जोराने. एका दिवसात ग्रिप, मनगट आणि वाट या तिन्हींवर काम करू नका. आठवडाभर एकच गोष्ट.

तुम्हाला मिळालेल्या सल्ल्यांबद्दल. "डोकं खाली ठेव भो" हे सगळीकडे ऐकू येतं आणि स्लाइस असलेल्या माणसाचं त्याने नुकसान होतं. चेंडू गेल्यावरही डोकं जबरदस्तीने खाली दाबलं की छाती फिरायची थांबते, हात अडकतात आणि फेस उघडा राहतो. डोकं चेंडूबरोबर फिरू द्या. हळू मारल्याने चेंडू कमी लांब जातो म्हणून कमी वळल्यासारखा दिसतो, फेस तसाच राहतो. "डावा हात ताठ ठेव" हाही तसाच, लांब हवा, ताठ नको.

जाळीची एक मोठी अडचण म्हणजे चेंडू वळताना दिसतच नाही. म्हणून जाळीवर मध्यभागी एक रंगीत दोरी उभी बांधा. चेंडू दोरीच्या कुठल्या बाजूला लागतो त्यावरून फेस कळतो, खोक्यावरून वाट कळते, पावडरीवरून फटक्याची जागा. या तिन्हींची जुळणी केली की चेंडू कसा वळला असता हे सांगता येतं. हरभरा, गहू निघाल्यावर रान मोकळं होतं तेव्हा उघड्यावर जरूर मारा, पण चेंडू साधारण 46 ग्रॅमचा आणि वेग भयंकर असतो. पुढे अडीचशे मीटर आणि दोन्ही बाजूंना भरपूर मोकळं हवं, रस्ता, मेंढरं, मजूर कुणीही नको. जमिनीवरून थेट आयर्न मारू नका. वाळलेली काळी जमीन दगडासारखी होते, मनगट दुखावतं, आणि एप्रिल-मेच्या भेगांत चेंडू गेले की सापडत नाहीत. चटई अंथरा किंवा चेंडू छोट्या टीवर, म्हणजे खुंटीवर, ठेवा.

वेळ पहाटेची. उन्हाचं तर आहेच, पण वाऱ्याचंही आहे. समोरून वारा असला की चेंडूवरून जाणाऱ्या हवेचा वेग वाढतो आणि तीच फिरकी त्याला जास्त वळवते. धुळे जिल्ह्यात साक्रीकडे पवनचक्क्या उगाच उभ्या राहिलेल्या नाहीत, आपल्या भागात पावसाळ्याआधी दुपारनंतर वारं सुटलं की चांगला फटकाही वाईट दिसतो. अशा वेळी सुधारणा मोजू नका.

सामानाबद्दल थोडक्यात. तुमचा सेकंडहँड ड्रायव्हर 9 अंशांचा आहे, तो तुमच्यासाठी कमी लोफ्टचा आहे. 10.5 किंवा 12 अंशांचा घ्या, मागची फिरकी वाढते आणि चेंडू कमी वळतो. हीलकडे वजन दिलेले ड्रायव्हर मिळतात, ते मदत करतात, पण 7 अंशांचा फरक कुठलाही ड्रायव्हर खाऊन टाकत नाही. ग्रिप हाताच्या मानाने फार जाड असेल तर मनगट फिरत नाही, ते तपासून घ्या. खरेदी फेस सुधारल्यानंतर करा, आधी घेतलेला क्लब जुन्या स्विंगला साजेसा निघतो.

आणि अंग. दिवसभर दुकानात बसून कंबर आणि पाठीचा वरचा भाग आखडतो. खांदे पुरेसे फिरले नाहीत की हातच काम करतात, आणि हात बाहेरूनच येतात. बॅकस्विंगला डावी टाच थोडी उचलली तर बिघडत नाही, उजवं पाऊल थोडं बाहेर वळवून उभे राहा, फिरायला जागा मिळेल. कंबर आधीपासून दुखत असेल तर हे सगळं सुरू करण्यापूर्वी डॉक्टरांना दाखवा.

ग्रिप आणि अर्धे फटके यावर तीन आठवडे काम केलंत की मला दोन क्लिप पाठवा, दोन्ही स्लो मोशनमध्ये. एक मागून: फोन तुमच्या हातांच्या उंचीवर, हातांच्या सरळ मागे, लक्ष्यरेषेला समांतर ठेवलेला. फोन चेंडूच्या मागे ठेवलात तर वाट खोटी दिसते, ही चूक सगळे करतात. दुसरी समोरून, छातीच्या उंचीवरून, चेंडूची जागा आणि दोन्ही पावलं दिसतील अशी. सोबत पावडरीचा डाग पडलेल्या फेसचा एक फोटो.